मावळतीकडची खिडकी

धाकट्या भावाच्या बायकोनं स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल वेळेवर सांगितलं नाही, म्हणून आमच्या नव्या घराचा घोटाळा झाला, असं आमच्याकडे पन्नास वर्षं सांगितलं जातं. ते साफ खोटं आहे. तिनं सांगितलं होतं. शेळीला सांगितलं होतं, पण मला ऐकू आलं होतं.

ही गोष्ट पूर्ण सांगायचं मी आजवर टाळलं. लग्नकार्यात कोणी म्हणायचं, "नाना, ते धुराचं सांगा ना!" मी धुराचं सांगायचो, लोक पोट धरून हसायचे आणि शेळी मी हळूच गाळायचो. आता अठ्ठ्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. शेळीला तिची जागा द्यायला हवी.

तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी बुलढाण्याला बांधकामाच्या एका हापिसात कारकून होतो. काम आवक-जावक टपालाचं. पण दिवसभर निळे नकाशे हाताखालून जायचे, त्यामुळे वर्षभरात माझी अशी पक्की समजूत झाली की आपण इंजिनियरच आहोत, फक्त तसा हुद्दा यायचा राहिला आहे. (तो निवृत्तीपर्यंत आला नाही.)

आमचं घर पिंपळगाव राजाला. मातीच्या भिंती, वर धाबं, म्हणजे लाकडाच्या कड्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. घरात माय, धाकटा भाऊ वसंता आणि त्याची बायको कमल. शेती वसंता बघायचा. मी बुलढाण्याहून शनिवारी एस.टी.नं यायचो, रविवारी सल्ले द्यायचो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचो. एका रविवारी मी जाहीर केलं, "हे घर आता बदलायचं. आख्खं!"

माय म्हणाली, "आख्खं काऊन? निरा पावसाळ्यात गळते तेवढं बुजव न."

"माय, जमाना बदलला. वर टिनाचे पत्रे, खाली फरशी, पक्क्या विटांच्या भिंती. सगळं नकाशाप्रमाणं. महिन्याभरात काम खलास!"

वसंता बिचारा म्हणाला, "दादा म्हणते त करू." त्याचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर गेलं.

मी नकाशा काढला. हापिसातल्या जाड कागदावर, दोन रंगांच्या पेन्सिलींनी. कमलची एकच मागणी होती आणि ती वसंतामार्फत माझ्यापर्यंत आली होती: सैपाकघराले एक खिडकी पायजे, उगवतीकडून. जुन्या घरात चुलीजवळ खिडकी नव्हती, धुरानं तिचे डोळे बारा महिने लाल. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, पण डोळे बघितले तर वाटावं आत्ताच माहेराहून निघाली आहे. मी मोठ्या मनानं खिडकी मंजूर केली. नकाशात कागदाच्या उजव्या हाताला, निळ्या पेन्सिलीनं, ठळक काढली. पूर्व उजवीकडे असते हे कोणाला ठाऊक नाही? शेवटी वरच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला. बाणाशिवाय नकाशा म्हणजे टोपीशिवाय तहसीलदार.

आता एक बारीक गोष्ट. आमच्या घराचं दार उत्तरेला होतं आणि नकाशात ते मी कागदाच्या खालच्या बाजूला काढलं होतं. बाण मात्र वर! म्हणजे कागदावरचं घर आमच्या खऱ्या घराकडे पाठ करून बसलं होतं. दारावरून बघायला गेलं तर ती उजवीकडची खिडकी सरळ पश्चिमेला जात होती, उकिरड्याच्या बाजूला. हे मला तेव्हा कळलं नाही. कधी कळलं, ते पुढे येईल, आणि तीच या गोष्टीतली लाजेची जागा आहे.

त्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. धाकट्या भावाची बायको भासऱ्यापुढे पदर कपाळाखाली ओढते आणि त्याच्याशी बोलत नाही. भासराही तिच्याशी बोलत नाही. दोघं एका घरात जन्म काढतात आणि एकमेकांचा आवाज फक्त दुसऱ्याशी बोलताना ऐकतात. निरोप असला तर सासू मध्ये घालायची, नाहीतर नवरा. ते जवळ नसले तर जनावराला सांगायचं, जरा मोठ्यानं. भासऱ्यानं ते ऐकायचं, ऐकलंसं दाखवायचं नाही, आणि थोड्या वेळानं स्वतःलाच सुचल्यासारखं करून ते काम करून टाकायचं. गावातले सगळे शहाणे भासरे असंच करायचे. घरं व्यवस्थित चालायची. पण मी इंजिनियर होतो ना!

कामाची जुळवाजुळव मी बुलढाण्याहून पोस्टकार्डांनी केली. गवंडी, सुतार, पत्रे ठोकणारा, फरशीवाला आणि चुना देणारा, अशा पाच जणांना पाच कार्डं टाकली. कोण कुणाच्या नंतर येणार, याचा तक्ता मी केला होता, पण तो माझ्या टेबलाच्या खणात होता. कार्डावर मी लिहिलं, 'सोमवारी हजर राहावे.' तेव्हा पाचही जण एकाच सोमवारी हजर राहिले! धाबं अजून जागेवर, भिंती जागेवर, आणि अंगणात पत्रेवाला पत्र्यांवर बसून विचारतो आहे, "कुठं ठोकू?" चुनेवाल्यानं तर चुना भिजवलाही होता.

काम नाही म्हणून त्यांना परत पाठवावं, तर कोणी मेहकरकडून आलेला, कोणी खामगावहून. ते राहिले. आपापल्या कामाचा नंबर लागेपर्यंत राहिले! माणसं जेवायची गोठ्यात, आणि भाकरी बडवायची कमल, गोठ्याच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून. पुढच्या शनिवारी आलो तेव्हा फरशीवाला मला म्हणाला, "साहेब, काम असंच चालू ठेवा. भाकर लय चांगली मिळून राह्यली."

त्याच रविवारी धाबं उतरवायला घेतलं. बैलगाड्या भरतील इतकी पांढरी माती. मी हात करून सांगितलं, "तिकडं टाका, विहिरीच्या अंगाला."

गोठ्यातून आवाज आला. कमल लालीला, म्हणजे आमच्या शेळीला, चारा घालत होती. "लाले, माती तिथं टाकली त वाऱ्यानं सारी हिरीत जाईन वं बाई. कोणी सांगाव त्याईले? परसात टाका म्हणाव."

लालीनं कान हलवला. मी नाही हलवला. एका शेळीला दिलेल्या सूचनेवरून बांधकाम खात्याचा माणूस माती हलवणार होता होय? संध्याकाळी वारा सुटला. सोमवारी पहाटे अंघोळीला पाणी काढलं तर बादलीत ताक! अंघोळ करून मी एस.टी.त बसलो, पाणी वाळलं, आणि बुलढाण्याला उतरलो तेव्हा हापिसातला शिपाई म्हणाला, "काय साहेब, चुना द्यायला तुम्हीच चढला होता काय?" गाळ बसून विहीर निवळायला पंधरा दिवस लागले. तोवर कमल शेजाऱ्यांच्या विहिरीवरून पाणी वाहत होती, घरच्यांसाठी आणि त्या पाच पाहुण्यांसाठी.

आता खिडकी. भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. आमचा गवंडी गणपत मिस्त्री मोठा सज्जन माणूस होता. माझा नकाशा तो दोन्ही हातांनी पोथीसारखा धरायचा. त्यानं मला बाजूला घेतलं.

"नारायणभाऊ, एक विचारू का? सैपाकघराची खिडकी मावळतीले काढाची हाय का?"

"छे! उगवतीला. नकाशात स्पष्ट आहे."

"नकाशात मावळतीले हाय, भाऊ. हे पाहा दार, अन् हे दाराच्या हिशोबानं खिडकी."

मी कागद हातात घेतला. फिरवला. परत फिरवला. आणि त्याच क्षणी मला सगळं लख्ख कळलं: दार, बाण, पूर्व, पश्चिम आणि माझी लायकी. भोवती पाच कारागीर उभे होते, वसंता उभा होता, माय उंबऱ्याच्या दगडावर बसली होती. आणि गोठ्यातून आवाज आला. या वेळी जरा जास्तच मोठा.

"लाले, तिकून वारा येते न वं! उन्हाळ्यात तिकून वारा सुटला की सारा धूर घरात राहीन. मंग बसाव कुठं अन् रांधाव कुठं? उगवतीले पाह्यजे होती वं खिडकी. एकच त मांगितली होती."

सगळ्यांनी ऐकलं. गणपत मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत स्पष्ट होतं की भाऊ, बाईचं म्हणणं बरोबर हाय, तुम्ही आता दोन मिनिटं इकडंतिकडं फिरा, मग आपल्यालाच सुचल्यासारखं करा, आपण सैपाकघर अन् धान्याची खोली अदलाबदल करून घेऊ. इतकं सोपं होतं! एका दिवसाचं काम.

मी कागदाची घडी केली आणि म्हणालो, "नकाशात आहे तशीच काढा. हवा खेळती राहावी म्हणून मुद्दाम पश्चिमेला घेतली आहे. आधुनिक पद्धत आहे."

मिस्त्री म्हणाला, "नकाशात हाय, मंग हाय."

माय गोठ्याकडे तोंड करून ओरडली, "कमल! शेळीसंग काय बोलत बसली वं? त्याले समजते न नकाशातलं!"

गोठ्यातून परत भाकरी बडवल्याचा आवाज यायला लागला.

घर झालं. महिन्याचं काम साडेतीन महिन्यांत झालं, पण झालं. पत्रे चमकायला लागले, फरशीवर माय दोनदा घसरली, आणि वैशाखात मी वास्तुशांत ठरवली. हापिसातले हेडक्लार्क साहेब सहकुटुंब बोलावले. गावातले पन्नासेक लोक, सोयरेधायरे वेगळे. नव्या घरात पहिला स्वयंपाक नव्या चुलीवरच झाला पाहिजे म्हणून कमल आणि शेजारच्या तिघी सकाळपासून आत. पुरणावरणाचा स्वयंपाक, दोन मोठ्या चुली, आणि जळण म्हणून कपाशीच्या पऱ्हाट्या. त्याही गोठ्यातल्या दमट.

दुपारी बाराच्या सुमारास मी पाहुण्यांना बैठकीत बसवून घराची माहिती देत होतो. डोक्याला फेटा होता. हातात छडी होती, ती कशासाठी ते आठवत नाही.

"साहेब," मी म्हणालो, "या घराचं वैशिष्ट्य म्हणजे यातली हवा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती आत येते, माजघरातून फिरते आणि थेट इथं बैठकीत पोचते!"

तेवढ्यात पश्चिमेचा वारा सुटला आणि मी सांगितलं होतं अगदी तसंच झालं. हवा खिडकीतून आत आली, माजघरातून फिरली आणि थेट बैठकीत पोचली. सोबत दोन चुलींचा धूर घेऊन! वर आधुनिक पत्रे, धाब्यासारखं धुराडं ठेवलेलं नाही. (नकाशात कुठं दाखवायचं ते मला सुचलं नव्हतं.) धूर जाणार कुठं? आधी हेडक्लार्क साहेबांचा चष्मा दिसेनासा झाला, मग साहेब. नंतर खोकल्यावरून माणसं ओळखावी लागली.

"बाहेर निघा रे, बाहेर!" कोणीतरी ओरडलं. पन्नास माणसं उत्तरेच्या दारातून अंगणात आली. सगळी रडत होती. कोणी उपरण्यानं डोळे पुसतंय, कोणी पदरानं, साहेब भिंतीला टेकून हुंदके द्यावेत तसे श्वास घेत होते.

नेमकी त्याच वेळी हिवरा आश्रमाहून आमची मावशी आली. एस.टी. उशिरा आली म्हणून बिचारी धापा टाकत आली होती. तिनं गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं: बहिणीचं घर, दारात माणसांची गर्दी, सगळे रडतायत, आणि बहीण कुठं दिसत नाही. पिशवी खाली पडली आणि मावशीनं हंबरडा फोडला.

"माह्या बहिणी वंऽऽ! कशी गेली वं मले टाकून! मी येऊन राह्यली होती न वंऽऽ!"

झालं! शेजारच्या आळीतून बायका धावल्या. काय झालं हे न विचारताच दोघी-तिघींनी सूर मिळवला. दोन म्हातारे टोप्या काढून आले. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवून हलकेच विचारलं, "बांबू हायत का घरी, का वखारीतून आणाव?"

"अहो, कोणी गेलं नाही!" मी खोकत म्हणालो. घशातून आवाज असा निघाला की त्यांना वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात दारातल्या धुरातून माय बाहेर आली. धुरात भिंती चाचपत आल्यानं अंगावर पांढरा चुना, तोंडावर काजळी, केस सुटलेले. "कोण बोंबलून राह्यलं वं? मी हाय न!" मावशीनं एकदा बघितलं, आणि आतापर्यंत नुसती रडत होती ती आडवीच झाली! गल्लीतली अर्धी माणसं मागे सरली. मायनं तिच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं, तेव्हा मावशी डोळे उघडून पहिलं वाक्य बोलली, "मेली तरी भांडखोरच!"

इथपर्यंतची गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आलो. इथं लोक हसायचे आणि मी थांबायचो. आता पुढची.

धूर जरा ओसरला. हेडक्लार्क साहेबांनी चष्मा पुसला, घराला एक फेरी मारली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला कोणी काढली हो?"

गणपत मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. वसंता पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. 'मी' एवढं एकच अक्षर लागणार होतं. माझ्याकडे अक्षरं पुष्कळ होती, मी दुसरी वापरली.

"साहेब, स्वयंपाकघर म्हणजे बायकांच्या कामाची जागा. वारा कुठून येतो ते त्यांना माहीत. घरच्या बाईनं वेळेवर सांगायला नको का?"

साहेब म्हणाले, "खरं आहे."

माय म्हणाली, "हाव न! तोंड नाही का इले?"

कमल तेव्हा दारात उभी होती. हाताला पुरण लागलेलं, डोळे सुजलेले. पदर कपाळाखाली होता, पण त्याखालून तिनं माझ्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं. रीतीप्रमाणं तिला बोलता येत नव्हतं, आणि बोलली नाही म्हणून चारचौघांत दोष तिचाच ठरला होता. रीतीचा इतका सोयीचा उपयोग आमच्या गावात आधी कोणी केला नव्हता. मी एका वाक्यात करून दाखवला.

तिनं पदर आणखी खाली ओढला आणि आत जाऊन पोळ्या लाटायला बसली. पाहुणे जेवल्याशिवाय कसे जाणार? साहेबांनी तीन पोळ्या खाल्ल्या आणि घराची हवा सोडून सगळ्याची तारीफ केली.

उगवतीला दुसरी खिडकी काढता आली असती, असं वाचणाऱ्याला वाटेल. वसंतालाही वाटलं होतं. पण उगवतीकडची भिंत धान्याच्या खोलीची होती, ती खोली आधी हलवावी लागली असती. मुख्य म्हणजे नकाशा चुकला हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, "नवी भिंत आहे, दोन-तीन वर्षं मुरू दे." शेवटी वसंतानं अंगणात चार बल्ल्या उभ्या करून पत्र्याची छपरी टाकली आणि चूल बाहेर नेली. त्या छपरीत, उन्हात, थंडीत, पावसाच्या सडाक्यात, कमलनं नऊ वर्षं स्वयंपाक केला. आणि माझ्या आधुनिक स्वयंपाकघरात आम्ही कडबा ठेवला. कडब्याला हवा फार छान लागायची!

'कमलनं वेळेवर सांगितलं नाही' हे वाक्य मात्र घरात कायमचं राहायला आलं. नव्या सुना आल्या, त्यांना सांगितलं गेलं: "सांगत जा वं बायांनो, नाहीतर कमलसारखं व्हते." कमल ऐकायची आणि भाजी निवडायची. त्या वास्तुशांतीनंतर मी घरी असताना ती कुठल्याही जनावराशी एक शब्द बोलली नाही. लाली कित्येक दिवस चाऱ्याच्या वेळी कान टवकारून वाट बघायची. मीही बघायचो, हे लिहायला आज हरकत नाही.

गेल्या महिन्यात कमलच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मी ठरवलं, आता जायचं आणि बोलायचं. आता कसली आली रीत! नातसुना माझ्याशी टाळ्या देऊन बोलतात. बुलढाण्याहून निघालो तेव्हा वाक्यं तयार होती: 'कमल, तू सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. चूक माझी होती आणि मी ती तुझ्यावर ढकलली. मला माफ कर.' चार छोटी वाक्यं. वाटेत मी ती इतक्या वेळा पुटपुटलो की कंडक्टरनं विचारलं, "बाबा, कोणासंग बोलून राह्यले?" शेजारच्या सीटवर कोणीच नव्हतं.

घरी पोचलो. वसंता शेतात गेलेला, पोरं कामावर. कमल काळा चष्मा लावून पलंगावर बसली होती. उठली, मी नको म्हणायच्या आत गॅसवर चहा ठेवला, कप माझ्यापुढं आणून ठेवला आणि समोर बसली. मी कपाकडे बघत राहिलो. मी एक घोट घेतला. घसा साफ केला. परत एक घोट घेतला.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी थेट बोलली. पदर कपाळावर नव्हता.

"काई म्हणाचं होतं का तुमाले?"

मी तोंड उघडलं. चारही वाक्यं जिभेवर रांगेत उभी होती. छाती भरून श्वास घेतला आणि माझ्या धाकट्या भावजयीशी मी आयुष्यात पहिलं वाक्य बोललो.

"चहात साखर जरा कमी आहे."

ती उठली. हातानं चाचपत डबा काढला आणि एक चमचा साखर माझ्या कपात घातली. मी तो चहा संपवला, नमस्कार केला आणि चारच्या गाडीनं परत आलो.

निदान इथं तरी खरं लिहितो. साखर बरोबर होती.